दोघा जावयांना सफारी

न्हाई, मला एक सांगा, वाघाला ऑफ सीझन असतो का? असतो का? म्हणजे पावसाळा लागला की वाघ काय मामाच्या गावाला जातो? तुम्ही हसून राह्यले, मी बी हसलो असतो, पण त्या सहलीच्या एजंटाचा फोन मला आल्ता, तुम्हाला न्हाई! अन आवाज असा गोड, जसं काय पाकात बुडवून काढलाय… "सर, आतलं जंगल पावसाळ्यात बंद असतं सर, पण बफर चालू आहे सर, आणि रेट बघा ना, ऑफ सीझन आहे ना सर!" बफर म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे जंगलाच्या बाहेरचं जंगल. म्हणजे वाघाच्या घराला कुलूप, अन आपण अंगणात जीप लावून हाका मारायच्या! बसा, बसा, तुमची पाण्याची मोटार व्हायला येळ हाय, निम्मी तार गुंडाळायची राह्यलीय. माझे हात वायंडिंग करतेत, तोंड मोकळंच असतं.

तर ह्या सगळ्याचं मूळ कोण? आमचे साडू, सोमेश्वरराव! अंबडला कोर्टाच्या बाहेर टायपिंगचं दुकान हाय त्येंचं. लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून करून ह्या माणसाला वाटाय लागलं की आपण बोलतो ते सगळंच सत्य असतं. भज्यात मीठ कमी हाय, हे बी प्रतिज्ञेवर सांगणार! तर एक दिवस माझ्या दुकानात आले, अन ह्याच बाकड्यावर बसून म्हणले, "साडूभाऊ, प्रतिज्ञेवर सांगतो, जंगल सफारी अन समुद्रकिनारा, एकाच फेऱ्यात दोन्ही! सगळं निम्म्यात! ऑफ सीझन हाय ना!" निम्म्यात का न्हाई देणार? निम्मं बंदच हाय! मी विचारलं, वाघ कुठं? म्हणले, नागपूरच्या पल्याड. समुद्र कुठं? म्हणले, कोकणात. आता तुम्हीच सांगा, एक सूर्य उगवतो तिकडं, एक मावळतो तिकडं, अन मधी काय लागतं? मधी आपलं घर लागतं! म्हणजे वाघ पाहून घरी यायचं, चहा प्यायचा, चड्ड्या बदलायच्या, अन मंग समुद्राला निघायचं! म्हणलं, साडूभाऊ, ह्याला एक फेरा म्हणतेत का? तर म्हणले, "तुम्हाला प्लॅनिंग कळत न्हाई."

मी सरळ न्हाई म्हणणार व्हतो. पण घरात तृप्ती हाय ना. माझी बायको. तिला लगीन झाल्यापासून एकच हौस, समुद्र पाह्यचा. सोनं नको, साडी नको. "मला एकदा समुद्र दाखवा," बस. अन मी दर वर्षी म्हणणार, औंदा जाऊ. आता उन्हाळ्यात साऱ्या शिवारातल्या मोटारी जळतेत, दुकान सोडता येत न्हाई. दिवाळीनंतर कापूस, मंग गव्हाचं पाणी, की परत मोटारी. आमची छकुली कालेजात गेली, पण तृप्तीचा समुद्र काही आला न्हाई. मला मोकळीक फक्त पावसाळ्यात! मंग तिनं साडूचं बोलणं ऐकलं, अन माझ्याकडं असं पाह्यलं… मला लई वाईट वाटलं हो. म्हणलं, ठीक हाय.

मंग मीच लावला एजंटाला फोन. म्हणलं, समुद्रात पोहता येतं का? "पाण्यात उतरायला बंदी आहे सर, लाल झेंडा असतो." बोट? "बोटी बंद आहेत सर." मासळी? "ताजी बंद आहे सर, बर्फातली मिळेल." आता धोंड्याच्या महिन्यात आम्ही मासळी खात न्हाई, पण बंद म्हणल्यावर डोकं तापलंच! म्हणलं, मग चालू काय हाय? "व्ह्यू चालू आहे सर! आणि गर्दी बिलकुल नाही, ऑफ सीझन आहे ना सर!" अरे, गर्दी न्हाई ती उगाच का? सारी दुनिया येडी अन आमचे साडू एकटे शहाणे?

आता खर्चा कोणी करायचा? इथं साडूनं काय डोकं लावलं बघा. औंदा धोंड्याचा महिना आल्ता. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, काहीतरी वाण द्यायचं. आमचे सासरे काकासाहेब, आम्ही मामा म्हणतो, केदारखेड्याला असतेत, जुना माणूस, जावई म्हणजे देव! त्येंनी फोन करून विचारलं, "पाहुणे, औंदा धोंड्याला काय देऊ?" तर साडू जल्दी जल्दी म्हणतेत, "मामा, सोनं-चांदी काही नको. दोघा जावयांना सफारी द्या, बस!"

मामा म्हणले, "एवढंच व्हय? दिली! जोडीनं देतो!"

जोडीनं! साडू उड्या माराय लागले. जोडीनं म्हणजे बायका बी आल्या! अन आठ दिवसांनी मामांचा परत फोन, "पाहुणे, कंबर किती हो तुमची?" मी चपापलो. म्हणलं, साडूभाऊ, वाघ पाह्यला कंबर कशाला लागते? तर हा शहाणा माणूस म्हणतो, "जीपला पट्टा असतो, प्रतिज्ञेवर सांगतो. मामा जातीनं चौकशी करून राह्यले." बरं, मंग छाती विचारली, तरी ह्येंना कळलं न्हाई! बाह्या अर्ध्या की पूर्ण, हे विचारलं, तरी न्हाई! म्हणले, "जंगलात डास असतेत, त्याच्यासाठी." अन मी? मी बी मान हालवली. तेवढं मात्र मला विचारू नका.

धोंड्याच्या दिवशी केदारखेड्याला गेलो. तृप्तीची बॅग भरलेली, तिच्यात नवी चप्पल, वाळूत चालाय. पाटावर बसवलं, पाय धुतले, टिळा लावला. सासूबाई दुर्गाबाई ताट घेऊन आल्या, वर रुमाल झाकलेला. साडू माझ्या कानात, "तिकिटं!" मामांनी रुमाल उचलला…

दोन सफारी ड्रेस! चिक्कूच्या रंगाचे! चार खिशांचे! एकाच ताग्यातले!

मामा म्हणले, "गावात न्हाई शिवले, भोकरदनला शिवले. दिवसभर उभा राह्यलो टेलरपुढं." अन तो म्हातारा असा खुश, असा खुश… काय बोलता? आम्ही दोघं आत गेलो, घालून बाहेर आलो. एका बँडातले दोन पिपाणीवाले! साडूची मेव्हण्यासमोर, गड्यासमोर, साऱ्या वाड्यावस्तीसमोर वाचाच गेली. मी हळूच म्हणलं, साडूभाऊ, प्रतिज्ञेवर सांगा, वाघ कुठंय? एजंटाचा फोन वाजून राह्यला व्हता, तो त्येंनी बंद केला.

पण तृप्ती… ती हसली न्हाई. बॅगेकडं पाह्यलं, अन चुलीकडं गेली. मंग आत तिची अन तिच्या बहिणीची, म्हणजे साडूच्या प्रांजलीची, कुजबुज. मधीच सासूबाईचा आवाज, "आगं, बायांना यष्टीत अर्धं तिकीट हाय की! त्या वाघाची अन ह्या दोघांची वाट कशाला पाह्यता? मी बी येते!" अन सकाळी गेल्या की हो! सासूबाई, दोघी लेकी, अन आमची छकुली मोबाईलवर गाड्या बघणारी. आम्हाला फक्त सांगितलं, की भाकरी टोपल्यात हाय. ना एजंट, ना पॅकेज, ना प्लॅनिंग! दुसऱ्या दिवशी कोकणात!

तिथून तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. पाऊस धो धो, वारा असा की पदर तोंडावर, अन ती लहान पोरीवाणी हसून राह्यली. "आवं, दिसून राह्यलं का?" अन तुम्हाला सांगतो, त्या एवढ्याशा काचेत बी मी पाहतच राह्यलो. आयुष्य पाण्याच्या मोटारी बांधण्यात गेलं, पण एवढं पाणी एका जागी कधी पाह्यलं न्हाई. म्हणलं, "तृप्ती, मला बी पाह्यचा व्हता गं."

म्हणली, "मंग यायचं व्हतं."

"कुणी चला म्हणलंच न्हाई."

"तुम्हाला कशाला आणायचं? तुम्ही समुद्राला बी नावं ठेवली असती."

मी? मी समुद्राला नावं ठेवीन? नवऱ्याची एवढीच पारख? म्हणलं, असं काही न्हाई, फिरव तो फोन, नीट पाहू दे. तिनं फिरवला. पार पाण्याजवळ नेला. मी पाह्यलं, मन लावून पाह्यलं… अन तोंडातून निघूनच गेलं, "पाणी लई गढूळ दिसतंय गं."

फोन कट! तवापासून उचलून राह्यली न्हाई. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? गढूळच व्हतं!