सरळ रेषेत दोनशे अठरा

(भाऊ विमानतळावरच्या कार्यालयात, बहीण दवाखान्यात. दुपार. दोघं फोनवर.)

बहीण: पण चाळीस मिनिटं हा तुझ्याच तोंडचा आकडा ना?

भाऊ: हवेतला गं ताई. दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत दोनशे अठरा किलोमीटर. विमान उडून टेकेपर्यंत चाळीस मिनिटं. त्याला विमान तर हवं.

बहीण: विमानतळावरच तर बसलायस.

भाऊ: टेबलाशी बसलोय. वैमानिकांना अंतर, वेळ, इंधन काढून देतो. तुमच्याकडे आठवड्याला दोनच फेऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार. आज गुरुवार.

बहीण: मग राजधानीवरून विमान बदलून ये.

भाऊ: सगळं बघून झालं. तिकडून उद्या सकाळी सहाला पोचतो. गाडीनं निघालो तर घाटातून दहा तास. बाबांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग.

बहीण: संध्याकाळपर्यंत.

भाऊ: संध्याकाळपर्यंत काय?

बहीण: तेवढंच म्हणाले. पुढे मलाही विचारवलं नाही.

भाऊ: ताई, हे तुला आजच कळलं?

बहीण: परवाच म्हणाले होते, मुलाला बोलावून घ्या. मी म्हटलं, तुझी परीक्षा चालू आहे, बढतीची. उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा? चाळीस मिनिटांचं तर अंतर, अगदी वेळ आली की बोलावू.

भाऊ: परवा मंगळवार होता.

बहीण: हो.

भाऊ: त्या विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या. वजनाचा हिशेब मीच केला.

बहीण: मला काय माहीत रे? तू कधी वारांचं बोललाच नाहीस. बाबांचं इथल्या नर्सबाईंना सांगून झालंय, माझा बाळ्या चाळीस मिनिटांवर राहतो म्हणून.

भाऊ: त्यांना बरं वाटायचं, म्हणून तेवढंच सांगायचो. चूक माझीच आहे.

बहीण: आता कुणाची का असेना. घड्याळ हातात घेऊन पडलेत. दर थोड्या वेळानं डोळे उघडतात नि दाराकडे बघतात. काय सांगू त्यांना?

भाऊ: खरं सांग.

बहीण: माझ्यानं नाही होणार. तू सांग.

भाऊ: ऐकू येतंय त्यांना?

बहीण: येतंय. बोलता येत नाही आता. धरू फोन कानाशी?

भाऊ: थांब जरा. रडू नकोस तू, त्यांना कळेल.

बहीण: नाही रडत. बोल. धरलाय.

भाऊ: बाबा, मी बाळ्या. विमानात बसलोय. खिडकीपाशी जागा मिळालीये... तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, जेवलो मी. बाबा, आता फोन बंद करायला सांगतायत.