माळ्यावरची मर्टल

केरिन : कुठल्या आंब्याखाली? आपल्याकडे चार आंबे आहेत, बाबा.

नेव्हिल : त्या तिथल्या. टाकीजवळच्या. अगं, सात दिवस खाणीत ट्रक हाकलास, तीन तास गाडी चालवत आलीस, आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या फावडं कसलं हातात घेतलंस? आधी चहा घे.

केरिन : चहा नकोय. टाकीजवळ दोन आहेत. त्यातला कुठला?

नेव्हिल : डावीकडचा. म्हणजे घराकडून बघितलं तर डावीकडचा. केरिन, मेलेलं उकरू नये गं. मंगळवारी पुरलाय त्याला, आज शुक्रवार. तुला बघवणार नाही.

केरिन : मला बघायची हौस नाहीये. प्राण्यांच्या डॉक्टरने, नोराने मागितलाय. दुकानदार हात झटकतोय. म्हणतो, आमच्याकडून गेला तेव्हा पर्सी ठणठणीत होता. त्याच फळीवर त्याच्याकडे अजगराची अजून अकरा पिल्लं आहेत, शाळेतली पोरं हट्ट करून घेऊन जातात. पर्सीला तपासलं तर त्याचं तोंड बंद होईल.

नेव्हिल : दुकान! मी तेव्हाच म्हटलं होतं. ज्या घरात साप खिडकीतून फुकट येतात, त्या घरात दुकानातून विकत आणायचा! वर त्याचा परवाना काढायचा! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

केरिन : हे तू चार महिन्यांत चारशे वेळा म्हणालायस.

नेव्हिल : खरं आहे म्हणून म्हणतो.

केरिन : कुत्रा पाळला असता तर सात-सात दिवस त्याने माझी वाट बघत रडायचं का? साप रडत नाही. आठवड्यातून एक उंदीर दिला की झालं. मला कोणीतरी हवं होतं बाबा, घरी आल्यावर. हेही मी तुला चारशे वेळा सांगितलंय.

नेव्हिल : मी होतो की घरी.

केरिन : तू तर होतासच. पण तू उबेच्या दिव्याखाली बसत नाहीस. फ्रीजरमध्ये बर्फाची पिशवी आहे ना? त्याला गार ठेवून न्यायला सांगितलंय.

नेव्हिल : मी देतो, मी देतो. तू बस. तुला सापडणार नाही.

केरिन : सापडली. मटारांच्या मागे. ...बाबा.

नेव्हिल : काय?

केरिन : औषधाच्या सुया. सहा आणल्या होत्या. दोन मी दिल्या, चार ठेवून गेले. रविवारची तू देणार होतास. मग तीन उरायला हव्यात.

नेव्हिल : मग तीनच असतील.

केरिन : चार आहेत.

नेव्हिल : जुनी एखादी राहिली असेल.

केरिन : बाबा, तू रविवारी फोनवर मला सांगितलंस, दिली म्हणून. शांत बसला होता म्हणालास.

नेव्हिल : शांत बसला होता, ते खोटं नाही. टॉवेलात धरला त्याला, तू दाखवलंस तसा. सुई दुसऱ्या हातात. आणि त्याने माझ्या मनगटाला विळखा घातला. आवळला नाही गं. रस्ता ओलांडताना लहान पोर हात धरतं ना, तेवढाच. मला नाही टोचवलं.

केरिन : तुला? आयुष्यभर वासरांना टोचत आलास तू. एल्सी म्हातारी झाली तेव्हा स्वतः गोळी घातलीस तिला, आणि दुपारी पुन्हा ऊसतोडणीच्या यंत्रावर चढलास. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते.

नेव्हिल : एल्सी कण्हायची. कण्हणाऱ्या कुत्रीचं काय करायचं ते मला कळतं. हा ओरडत नाही, कण्हत नाही. नाकाशी बुडबुडा येतो आणि हा आपला मान वर करून बसतो, श्वास मिळावा म्हणून. अख्खी संध्याकाळ. आधी मला वाटायचं, टीव्हीवर सामना बघतोय माझ्याबरोबर.

केरिन : म्हणून काचपेटी तुझ्या खुर्चीशेजारी आणलीस?

नेव्हिल : स्वयंपाकघरात वारं लागत होतं त्याला. जुलै आहे, थंडीचे दिवस.

केरिन : आणि मंगळवारी गेला.

नेव्हिल : मंगळवारी.

केरिन : फावड्याच्या दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. अख्खं. आत्ता मी तोडलं ते. मंगळवारी कशाने खणलंस?

नेव्हिल : दुसऱ्या फावड्याने.

केरिन : दुसरं फावडं आपल्याकडे कधीपासून आहे? खड्डाच नाहीये ना, बाबा?

नेव्हिल : चहा गार झाला तुझा.

केरिन : मी घेतलाच नाही चहा. पर्सी कुठाय?

नेव्हिल : हे बघ, आधी ऐकून घे, मग ओरड. सोमवारी तुझ्या त्या डॉक्टरचा फोन आला. म्हणाली, दोन दिवसांत फरक पडला नाही तर घेऊन या, मग त्याला झोपवणंच बरं. झोपवणं! सरळ मारणं म्हणत नाहीत ही माणसं. मंगळवारी सकाळी त्याला अभ्र्यात घातला, गाठ मारली, गाडीत ठेवला. फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडायला उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. कारखान्याची उसाची आगगाडी आली, गेली, तरी मी उभाच.

केरिन : मग?

नेव्हिल : मग परत आलो. म्हटलं, हा कुठला? इथलाच. ह्याचे आजे-पणजे ह्याच रानातले. ह्याला दिवा कशाला, सुया कशाला? बारा वाजता पत्रा तापलेला असतो, माळ्यावर छान ऊब असते. शिडी लावली, माळ्याचं झाकण सरकवलं आणि सोडला आत. जगला तर जगेल. नाही तर आपल्या मर्जीने जाईल, कोणाच्या टेबलावर नाही.

केरिन : माळ्यावर.

नेव्हिल : हो.

केरिन : आणि मला सांगितलंस, मेला. मी खाणीवरच्या जेवणघरात होते तेव्हा. चाळीस माणसांसमोर रडले मी, बाबा. सापासाठी. अजून चिडवतायत.

नेव्हिल : मेला म्हटलं की एकदा रडशील आणि मोकळी होशील, असं वाटलं. सोडला म्हटलं असतं तर रोज येऊन छताकडे बघत बसली असतीस. तो डेक्लन सोडून गेल्यावर फोनकडे बघत बसायचीस तशी.

केरिन : डेक्लनचं नाव काढू नकोस.

नेव्हिल : नाही काढत. चुकलं माझं. ओरड आता.

केरिन : बाबा, मर्टल कुठे असते?

नेव्हिल : कुठे असते म्हणजे? अकरा वर्षं जिथे आहे तिथेच. वर. आणि काळजी करू नकोस, माळा केवढा मोठा आहे, दोन अजगर सहज मावतील. ही एका टोकाला, तो दुसऱ्या.

केरिन : आज सकाळी नेबोच्या पेट्रोल पंपावर होते तेव्हा नोराचा फोन आला. पर्सीच्या तोंडातला नमुना पाठवला होता ना, त्याचा निकाल. साधं सर्दीपडसं नाहीये ते. विषाणू आहे. अजगरांनाच होतो, माणसांना नाही. त्यावर औषध नाही. त्या सुयांनी काहीही झालं नसतं.

नेव्हिल : म्हणजे... मी नाही दिली ते...

केरिन : त्याने काही बिघडलं नाही. ते विसर. पण तो एकाचा दुसऱ्याला लागतो, बाबा. थुंकीतून, श्वासातून, एका जागी राहिलं की. म्हणून तिला देह हवा होता. म्हणून ती विचारत होती की घराजवळ दुसरा अजगर आहे का, आणि मी म्हटलं, आहे, पण पर्सी कधी पेटीबाहेर गेलाच नाही.

नेव्हिल : मर्टल तीन मीटरची आहे. असल्या पडशाने तिला काय होतंय!

केरिन : मोठ्यांनाही होतो.

नेव्हिल : काल संध्याकाळी सरपटत गेली ती. न्हाणीघरावरून इकडे, स्वयंपाकघरावर. मी इथेच बसलो होतो. म्हटलं, निघाली म्हातारी पाहुण्याची चौकशी करायला. हसलो मी. एकटाच बसून हसलो, केरिन.

केरिन : मी नोराला फोन करते.

(केरिन मागच्या पायरीवर जाऊन फोन करते. परत येते तेव्हा नेव्हिल शिडी धरून उभा आहे.)

नेव्हिल : तिला इथे ठेवून नाही का चालणार? तुला आठवतं का, ती यायच्या आधी काय होतं? उंदीर पिठात, उंदीर गादीत. मला लेप्टो झाला तेव्हा तुझी आई दवाखान्यात अकरा दिवस बाकावर झोपली. डोळे हळदीसारखे झाले होते माझे. मग ही आली, आणि एक उंदीर दिसला नाही घरात. तुझी आई म्हणाली, ह्या घरात असं वरून सगळ्यांवर लक्ष फक्त माझी आईच ठेवायची. म्हणून मर्टल.

केरिन : नाव तू ठेवलंस.

नेव्हिल : मी ठेवलं, पण हसली ती. सासूचं नाव सापाला दिलं आणि बायको हसली, असा दुसरा नवरा दाखव.

केरिन : दोघांनाही घेऊन यायला सांगितलंय. आत्ताच. वन्यजीव खात्याला ती कळवतेय, त्यांचा माणूस तिथे येईल. मर्टलला वेगळं ठेवतील, तीन महिने, आणि दोनदा तपासतील. काही निघालं नाही तर इथेच आणून सोडतील.

नेव्हिल : आणि निघालं तर?

केरिन : अभ्रे कुठे ठेवलेस? धुतलेले.

नेव्हिल : केरिन, निघालं तर?

केरिन : तर रानात सोडू देणार नाहीत, बाबा. सोडली तर इथले सगळेच अजगर जातील. तुला माहितीये त्याचा अर्थ.

नेव्हिल : ...कपाटात. खालच्या खणात.

केरिन : अजून एक. तिथे विचारतील, तो वर गेला कसा. पाळलेला साप सोडणं गुन्हा आहे. आपण म्हणू, पेटीचं झाकण नीट लागलं नव्हतं, आपणहून गेला. माझाच परवाना आहे, माझा हलगर्जीपणा म्हणू.

नेव्हिल : नाही.

केरिन : दंड होईल तुला.

नेव्हिल : होऊ दे. मी सोडला, असंच सांगणार. एक खोटं बोललो, त्याची फळं भोगतोय आत्ता. पुरे झालं. सर बाजूला, मी चढतो.

केरिन : त्या गुडघ्याने? शिडी धर तू. हातमोजे दे. टॉर्च.

नेव्हिल : तुळयांवरच पाय ठेव. मधल्या फळ्या सडक्या आहेत.

केरिन : माहितीये.

नेव्हिल : काय दिसतंय?

केरिन : धूळ. तुझा जुना गळ. आईची नाताळची पेटी. मर्टलची कात आहे इथे, माझ्यापेक्षा लांब. कुठे सोडलास त्याला?

नेव्हिल : झाकणाशीच. पोटमाळ्याच्या त्या कोपऱ्यात, उन्हाच्या बाजूला.

केरिन : इथे नाहीये. पुढे जाते.

नेव्हिल : केरिन? बोलत राहा गं. काही ऐकू येत नाही खाली.

केरिन : सापडले.

नेव्हिल : ले? म्हणजे दोघं?

केरिन : गरम पाण्याच्या टाकीच्या वर. मर्टल वेटोळं करून बसलीय, आणि हा मधोमध आहे. मान तिच्या पाठीवर टाकलीय.

नेव्हिल : खाल्लं नाही तिने त्याला.

केरिन : नाही.

नेव्हिल : जिवंत आहे?

केरिन : तोंड उघडं आहे. थांब. ...जीभ हलली. आहे, बाबा. जिवंत आहे.

नेव्हिल : चार दिवस जगला पोरगा. बघ, म्हटलं नव्हतं, ऊब मिळाली की...

केरिन : बाबा.

नेव्हिल : नाही. काही नाही. दे त्याला.

केरिन : हलका झालाय किती. रिकाम्या मोज्यासारखा. धर. गाठ सैल ठेव, आणि खुर्चीवर ठेव त्याला, जमिनीवर नको.

नेव्हिल : माझ्या खुर्चीवरच ठेवतो. ये रे. ये बाळा. ठेवलाय. आता?

केरिन : आता तो मोठा अभ्रा दे. ह्यात मावणार नाही ती.

नेव्हिल : मोठा एकच आहे. लोडाचा. तुझ्या आजीने विणलेली झालर आहे त्याला.

केरिन : मर्टल आजीचा?

नेव्हिल : हो. ...घे. झालर फाटली तरी चालेल. चावली का?

केरिन : एकदा फुत्कारली. आता येतेय. येतेय आपणहून. अगं, चल. शहाणी आहेस. शेपूट राहिलं, बाबा, बोलू नकोस मिनिटभर. ...झालं. खाली देते. खालून आधार दे, दोन्ही हातांनी. जड आहे.

नेव्हिल : सोड. धरली मी. अकरा वर्षं एका छपराखाली राहिलो, हात कधी लावला नाही तिला. केरिन, गरम आहे गं अंग हिचं.

केरिन : हो, बाबा. म्हणून तर तो तिच्याकडे गेला.