साडेतीन रेघा

— नाही हो, तिकीट नाही, वहीत नाव लिहिलंत ना, झालं. सध्या चालू आहे ते हे, 'घराघरातली वसई' — पाटे, रांजण, वाडीतले कोयते, लोकांनी महिन्याभरासाठी दिलेलं सामान. आणि सोमवारपासून 'वसईची वजनं-मापं'. ते माझं. म्हणजे मांडणी माझी — मी गुरुदत्त सावे, कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता इथे बसतो, कुणी बसू देतं म्हणून. पत्रिकासुद्धा छापून आल्या. ही बघा, वर फोटो कुणाचा? या दगडाचा. हात नका लावू, पाटी आहे तशी.

त्याची पाटी वाचलीत? 'वजनाचा दगड, पोर्तुगीज काळ. तीन पूर्ण रेघा व एक अर्धी : साडेतीन मण.' सदुसष्ट साली पाचूबंदरला वाळूत रुतलेला दिसला, टांगेवाल्याला हाताशी घेऊन उचलून आणला. विचारलं का कुणाला? विचारलं असेन — नाही, खरं सांगायचं तर नाही विचारलं. होड्या बाहेर होत्या, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. जुन्या मुंबईच्या मणाने वजनही जवळपास जुळलं, मग काय, प्रबंधाचं आख्खं चौथं प्रकरण! मी तसा भित्रा माणूस, दर वाक्यात 'बहुधा' लिहायचो, मार्गदर्शक वैतागायचे. एकदाच नाही लिहिलं — या दगडापाशी.

आणि परवाच्या रविवारी चर्चमधल्या बायका आल्या, त्यात एक म्हातारी, ॲनी नाव, इथेच थबकली. मला वाटलं गुडघे दुखत असतील, खुर्ची दिली, तर बसेना. म्हणाली, हा आमच्या होडीचा नांगर, या भोकातून दोर जायचा, भरतीनं नेला समजून तीस वर्षं गप्प बसलो. बरं, नांगर तर नांगर, जुनं वजन कुणी नांगराला वापरलं असेल — मी लगेच वाद घालायला लागलो, खोड हो! तर म्हणाली, रेघा तिच्या नवऱ्याच्या. पोर झालं की छिन्नीने एक. आणि मी — काय विचारावं माणसाने — मी विचारलं, 'मग शेवटची अर्धी का?' तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. 'ही अर्धी नाय, मास्तर. क्लेमेंट तेवडाच जगला. नवरा भायेर छिन्नी घेऊन बसलेला, मी आतून हाक मारली.'

तेव्हापासून झोप नाही. नव्या पाट्या लिहिल्या, या बघा खिशात — पाच. पाचांतही 'बहुधा'! तिचं पोर बहुधा गेलं, असं लिहू? आणि सरळ लिहिलं तर सोमवारी पाहुण्यांपुढे काय उभं करू — माझं चौथं प्रकरण? तुम्हीच सांगा, तुम्ही परके, तुमचं काय जातंय —

अहो, हात नका... तिसऱ्या रेघेवरच का पण? थांबा. वहीत काय नाव लिहिलंत? चष्मा कुठे — 'आग्नेल, पाचूबंदर.'

आईने पाठवलं? टेम्पो आणलाय?

बरं. ही 'हात लावू नये' काढतो आधी. लावा, सावकाश लावा. पत्रिकांचं मी बघतो. नाही, तुम्ही काही बोलू नका, मीच फार बोललो. बाहेर पायरीवर बसतो. उचलताना तेवढी हाक मारा — एकट्याचं काम नाही ते. तेव्हाही दोघं लागले होते.