बगळ्यांची मोजणी

तुम्ही हसाल, पण बगळ्यांपायी मी एकदा मार खाता खाता वाचलोय. कात्रजच्या पुढे एका शेतात ट्रॅक्टरमागून बगळे चालले होते. फोटोसाठी मी बांधावर ट्रायपॉड लावला, तोच चारपाच जण येऊन मला घेरून उभे राहिले.

त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "जमीन मोजायला आलाय का?"

"नाही हो, बगळ्यांचे फोटो काढतोय."

"मागचाबी पाखरांचे फोटो काढतो म्हणला होता. समोरची बिल्डिंग त्याचीच हाय."

मी ट्रायपॉड मिटायला घेतला.

"राहता कुठं तुम्ही?"

"नारायण पेठेत."

दुसरं काय सांगणार? त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, आणि बाल्कनीतून बायको मला चहाला या म्हणून हात करत होती.