डिग्रीची चौकशी

मी या लायनीत कशी आले, ते सांगते. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मनाच्या आजारांची डॉक्टर व्हायला कोणती डिग्री लागते, हे विचारायला मी पुण्याहून सोलापुरात येणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेले.

ते म्हणाले, "मानसशास्त्रात बी.ए. करून औषध लिहिता येत नाही. आधी एम.बी.बी.एस. कर. पण हे सुचलं कसं?"

"आई कुणाशी बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते."

"मग डिग्रीचं नंतर बघू. आईला उद्या घेऊन ये."

घरी वडिलांना, अण्णांना, सांगितलं. आमचे कापडाचे माग होते, गल्लीत मान होता.

"तितं नेलं तर लोक काय म्हणतील? तू लई हुशार हायस. तूच डॉक्टर हो की. मग घरातल्या घरात बघ तिला."

मी भांडले, रडले. अण्णा हलले नाहीत. माझ्या शिक्षणाला मात्र त्यांनी काही कमी पडू दिलं नाही.

मी मेडिकलला असतानाच आईनं खाणंपिणं सोडलं आणि ती गेली.

पुढं मी मनाच्या आजारांचा दवाखाना उघडला. पहिल्याच दिवशी अण्णा आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले.

"झोप लागत न्हाय गं," म्हणाले. "कायतरी औषध दे."