दुसऱ्या खेपेतली जागा

बायको : हेल्मेट काढ.

नवरा : अगं, काढतोच आहे. गुहेत काय भारी आहे माहितीये! बाहेर एवढं ऊन आणि आत असा गारवा, की...

बायको : आधी हेल्मेट काढ. मग गारवा सांग.

नवरा : बक्कल अडकलंय. आणि जरा हळू बोल ना, मागून माणसं बाहेर येतायत.

बायको : येऊ देत. मघाशी पहिली खेप बाहेर आली तेव्हाही माणसं इथूनच आली. त्यात तू असायला हवा होतास. मी खालच्या शेडमधून ठकूला खांद्यावर टाकून धापा टाकत वर येते, तर इथे चिटपाखरू नाही. ती पिवळ्या टोपीवाली आजी एकटी दगडावर बसलेली. म्हणाली, "तुमचे मिस्टर परत गेले की आत!"

नवरा : हो, ते म्हणजे...

बायको : परत. आत. माझ्या खेपेत.

नवरा : तू पाजत होतीस. म्हटलं, कशाला त्रास द्या.

बायको : पाजत होते, बेशुद्ध नव्हते. पाजणाऱ्या बाईला हाक मारली तर ऐकू येते.

नवरा : बरं, चुकलं. सॉरी. आण तिला इकडे. नाहीतर राहू दे, झोपेला आलीय वाटतं. चल, खाली जेवण थांबलंय.

गाईड : मंडळी, हेल्मेटं या पोत्यात टाका आणि सावकाश उतरा, धबधब्याच्या पायऱ्या ओल्या आहेत. साहेब, तुमचं राहिलं.

बायको : यांचं नाही ते. माझं आहे. काका, मला आत जायचंय.

गाईड : ताई, दोन्ही खेपा झाल्या.

बायको : माझी कुठे झाली?

गाईड : तुम्ही येत नाही म्हणाले साहेब. बाळ झोपतंय, तर तिच्याऐवजी मीच येतो परत, असं म्हणाले.

बायको : असं म्हणालास तू?

नवरा : अगदी असंच नाही. साधारण.

बायको : साधारण! काका, तुम्हाला आठवतंय का, मागच्या आठवड्यात एका बाईनं तुम्हाला फोन केला होता. लहान बाळ आहे, कसं करायचं म्हणून.

गाईड : एकदा? तीनदा केला होता तिनं. छत किती वाकतं, पाणी घोट्यापर्यंत का गुडघ्यापर्यंत, वटवाघळं अंगावर येतात का. मी घरी म्हटलं, या बाईंना गुहा बघायची नाही, विकत घ्यायचीय. तुम्हीच का त्या?

बायको : मीच. तुम्ही काय सांगितलं होतंत मला?

गाईड : सांगितलं होतं की बाळ आत नाही न्यायचं. हेल्मेटं थोडी, म्हणून खेपा दोन. आईबापांनी आलटून पालटून जायचं. एक आत, एक बाहेर.

बायको : ऐकलंस? आलटून पालटून. एकानं दोनदा, असं नाही म्हणाले ते.

नवरा : अगं, लोक बघतायत.

बायको : बघू देत. तिकिटात धबधबा, गुहा आणि जेवण, तिन्ही आहे.

गाईड : ताई, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण माझ्यावर नका ओरडू. मला जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे मी खेप नेली.

बायको : तुमच्यावर पण ओरडणार आहे, थांबा. सकाळी बसमध्ये उभं राहून तुम्ही काय बजावलंत आम्हाला?

गाईड : बरंच काही बजावतो मी. चपला नकोत, सेंट नको...

बायको : आत येणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं "येतो" म्हणायचं. नवऱ्यानं बायकोचं सांगायचं नाही, आईनं मुलाचं सांगायचं नाही. असं म्हणालात की नाही?

गाईड : म्हणालो. म्हणतोच. एकानं बायकोला अशीच ओढून आणली होती, "ती घाबरत नाही हो, चला." अर्ध्यात अरुंद फट आहे, तिथे ती बाई जी थिजली ती पुढे हलेना, मागे हलेना. शेवटी मी पाठीवर घेऊन बाहेर आणली. त्या दिवसापासून नियम केला. ज्याचं त्यानं बोलायचं.

बायको : छान आहे नियम. मला पटला. मग "येत नाही" हे माझ्या तोंडून का नाही घेतलंत?

गाईड : आं?

बायको : "हो" म्हणायला माझं तोंड पाहिजे आणि "नाही" म्हणायला यांचं चालतं?

गाईड : येत नाही म्हणणाऱ्याला धोका नसतो ना, ताई.

बायको : असतो. दगडावर बसून राहिलं की कळतो.

नवरा : अगं, त्यांना कशाला बोलतेस? माझी चूक आहे ना? मला बोल.

बायको : तुझा नंबर येणार आहे. रांगेत उभा राहा.

नवरा : हे बघ, सगळे खाली खोळंबलेत. आपल्या एकट्यांसाठी बस थांबवायची का?

बायको : सकाळी त्या दाढीवाल्याचा चष्मा धबधब्यात पडला, तेव्हा अख्खी बस थांबली. पँट वर दुमडून चार जण पाण्यात उतरले, त्यात तूही होतास. तेव्हा नाही कुणाच्या पोटात दुखलं.

नवरा : चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्याला!

बायको : मलाही काही दिसलेलं नाही.

नवरा : आपण पुढच्या वेळी येऊ. शब्द देतो. ठकू जरा मोठी झाली की.

बायको : मोठी झाली की! त्या नावाच्या डब्यात आता काही मावत नाही रे. झाकण लागत नाही त्याचं. माझी झोप त्यात, नोकरी त्यात, मैत्रिणीचं लग्न त्यात, दात दुखतोय तोसुद्धा त्यात. आता एक गुहा कुठे कोंबू?

नवरा : फोटो काढलेत मी. तुझ्यासाठीच तर परत गेलो. पहिल्या खेपेतले सगळे काळे आले होते, म्हटलं तुला नीट दिसायला हवं. हा बघ, हे आतलं तळं.

बायको : ठेव तो फोन.

नवरा : एकदा बघ तरी.

बायको : ठेव म्हटलं ना! गेले दहा महिने मी सगळं जग त्याच्यातच बघतेय. पहाटे, एका हातानं, तिला पाजताना. समुद्र बघितला, बर्फ बघितला, लोकांची नवी घरं बघितली. गुहा पण तशीच बघायची होती तर इथवर कशाला आले असते? घरी गादीवर पडून बघितली असती. मी एवढं एकच मागितलं होतं. अर्धा तास. आणि तोही मला कुणी देणार नव्हतं, माझा होताच तो.

नवरा : मी मुद्दाम नाही केलं.

बायको : फोटोंसाठी कुणी पुन्हा त्या फटीतून सरपटत जात नाही. तू तर लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर चढताना कुरकुरतोस. खरं काय ते सांग.

नवरा : काय खरं?

गाईड : मी जरा ते पोतं बांधतो तिकडे.

बायको : थांबा, काका. तुम्ही माझी खेप आहात, कुठे जाऊ नका. तू बोल.

नवरा : अगं, काय बोलू? मी बाहेर आलो. तू दिसली नाहीस. वरून खाली बघितलं तर शेडमध्ये तू तिला घेऊन बसलेली. आणि मला वाटलं... आता ही वर येणार, ठकूला माझ्या हातात देणार आणि आत जाणार.

बायको : हो. तसंच ठरलं होतं.

नवरा : आणि ती रडणार.

बायको : मग?

नवरा : मग काय मग? माझ्याकडे ती रडतेच. तू आंघोळीला गेलीस तरी दारापाशी मी तिला घेऊन उभा असतो, तुला माहिती आहे. तू दोन मिनिटांत अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर येतेस. इथे तू आत गेल्यावर बोलवायची सोय नाही. दार ठोठावता येत नाही. आणि हे सगळे अनोळखी लोक, प्रत्येक जण येऊन सांगणार, असं धरा, तसं धरा, आई कुठंय बाळाची. मला नाही जमत ते. बस्स. सांगितलं.

बायको : म्हणून तू अंधारात जाऊन लपलास.

नवरा : लपलो काय...

बायको : स्वतःच्या मुलीला घाबरून गुहेत लपलास. काका, तुमच्या गुहेत आजवर कोण कोण लपलं असेल, पण दहा महिन्यांच्या पोरीला भिऊन लपलेला हा पहिलाच.

गाईड : नसेल पहिला. बोलून दाखवणारा पहिला.

बायको : तुम्ही त्याची बाजू घेऊ नका हं.

गाईड : नाही घेत. माझी बायको गेली बारा वर्षं सांगतेय ते आत्ता डोक्यात शिरलं, एवढंच.

नवरा : तुला जमतं गं. तुझ्याकडे गेली की ती गप्प होते.

बायको : जमतं! मला काय जन्मतः जमत होतं? पहिल्या रात्री दवाखान्यात ती रडत होती आणि मी पण रडत होते. कुणाला कुणी गप्प करायचं तेच कळत नव्हतं. फक्त मला लपायला गुहा नव्हती. म्हणून जमलं. धर तिला.

नवरा : आत्ता?

बायको : नाही, ती मोठी झाली की. धर!

नवरा : अगं, मान... थांब, हात खाली... हं. घेतली.

बायको : काका, चला.

गाईड : ताई, ऐका. खाली लोक जेवायला बसलेत, ड्रायव्हर आहे तिथे, तेवढ्या वेळात नेतो. पण पहिल्या दालनापर्यंतच. तिथून परत.

बायको : सगळ्यांना कुठवर नेलंत?

गाईड : तळ्यापर्यंत.

बायको : मग मला पहिल्या दालनापर्यंत का? मी काय उरलेली भाजी आहे, वाटीत मावेल तेवढीच घ्यायला?

गाईड : तळ्यापर्यंत. बरं. जेवण थंड झालं तर माझ्या नावानं बोटं मोडू नका.

बायको : दहा महिन्यांत गरम जेवलंय कोण?

नवरा : ऐक ना. ती रडली तर काय करू? खुळखुळा कुठल्या कप्प्यात आहे? दुपटं गुंडाळू का नको? आणि तिला उभी धरायची का आडवी?

बायको : खुळखुळा बाजूच्या... नाही. काही सांगत नाही. ती झाली तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं ठरवा.

(बायको आणि गाईड आत गेले आहेत. गुहेतलं तळं. दिव्याच्या उजेडात पाणी.)

गाईड : लागलं का त्या फटीत?

बायको : कोपर खरचटलं. काही नाही. अजून राग आहे तोवर दुखणार नाही.

गाईड : मग लवकर नाही दुखायचं. इथे बसा, हा दगड कोरडा आहे. पाण्यात हात घाला हवं तर.

बायको : बाई गं! किती थंड.

गाईड : साहेब काही खोटं सांगत नव्हते गारव्याचं.

बायको : त्याचं नाव काढू नका. निदान इथे.

गाईड : राहिलं. आता बघा, इथे मी दर खेपेला दिवा बंद करतो. भीती वाटली तर सांगायचं, लगेच लावतो. करू का?

बायको : करा.

गाईड : केला.

बायको : ...डोळे उघडे आहेत का मिटलेत, तेच कळत नाही.

गाईड : सगळे हेच म्हणतात.

बायको : सगळे? मग तोही हेच म्हणाला असेल.

गाईड : नाव काढू नका म्हणालात ना? त्यांना अंधार झालाच नाही, ताई. दोन्ही खेपांना फोन सुरू. मी बंद करा म्हणायचो, ते म्हणायचे, बस एकच. त्यांचे फोटो आहेत, पण हे नाही बघितलेलं त्यांनी.

बायको : दोनदा येऊन?

गाईड : दोनदा येऊन.

बायको : मला वाटलं होतं, इथे आले की मला बरं वाटेल. राग जाईल.

गाईड : आणि?

बायको : जात नाही. पण इथे त्याला जागा आहे. घरात नव्हती. घरात ती उठेल म्हणून मी रागावतेसुद्धा कुजबुजत.

गाईड : बसा मग. मी काही बोलत नाही.

बायको : ...काका.

गाईड : ऐकलं मी. वारा फिरला की तोंडाकडचा आवाज आत येतो. बाळ रडतंय. जायचं का परत? लावू दिवा?

बायको : थांबा.

गाईड : जोरात रडतंय हो.

बायको : ऐकू द्या जरा. भुकेचं नाही हे. झोपेचंही नाही.

गाईड : मग कशाचं?

बायको : रागाचं आहे. माझ्यावर गेलीय. राहू दे दिवा.