मेलबर्नमध्ये घर कुठे घ्यायचं

दिल्लीत व्हिसाच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं आणि भाऊसाहेबांचे कान टवकारले. एक जोडपं मेलबर्नचा नकाशा उलगडून खिदळत होतं.

“इथे घर घेऊ. स्टेशन जवळ, समोर तळं!”

“तळं काय हळदीकुंकवाला येणार आहे?”

“बरं, मग इथे. आपल्या मयूर विहारचे सबनीस इथेच गेलेत.”

“ती सबनिशीण? यार, गाठलं की तासभर सोडायची नाही. तिला टाळायला सहा वर्षं मी मागच्या जिन्याने भाजी आणली!”

“चलो, मग ते कॅन्सल.”

“कॅन्सल कशाला? तिच्याच गल्लीत बघ.”

“आता हे काय नवीन?”

“अरे, तिथे टाळायला तरी आपलं दुसरं कोण आहे?”